एडीसी १.५२ वरून १.४१ झाला: मुलांच्या मेंदूतल्या गाठींचे एमआरआय आकडे कसे वाचायचे

प्रश्न सहा वर्षांच्या मुलीच्या वडिलांचा आहे. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना छेदतात, त्या ऑप्टिक कायाझमवर तिला गाठ आहे. बायोप्सीत पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा, म्हणजे लो-ग्रेड ग्लायोमा, हळू वाढणारी गाठ, निघाला आणि केमो सुरू झाली. आधीचा एमआरआय एका केंद्रात झाला, तीन महिन्यांनंतरचा दुसऱ्या. पहिल्या रिपोर्टात गाठ ३० × २० मिलिमीटर आणि एडीसी, म्हणजे गाठीतलं पाणी किती मोकळं हलतं याचा आकडा, १.५२. दुसऱ्यात ३२ × २२ आणि १.४१. वडील विचारतात: गाठ वाढली, एडीसी उतरला, म्हणजे ती घातक होत चालली आहे का? स्पेक्ट्रोस्कोपी आणि पर्फ्यूजन ही एमआरआयवरची आणखी दोन मोजमापंही करून घ्यावीत का?

आधी उत्तर देते, कारणं मग. या चार आकड्यांवरून गाठ वाढली असं म्हणता येत नाही, आणि ती घातक झाली असं तर मुळीच नाही. मी तिची चित्रं पाहिलेली नाहीत, त्यामुळे शेवटचा शब्द तिच्यावर उपचार करणाऱ्यांचाच. पण लहान मुलांच्या मेंदूचे एमआरआय वाचण्यातच माझं आयुष्य चाललं आहे, आणि असा रिपोर्ट हातात धरून रात्र जागून काढलेले आईवडील मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यातल्या बऱ्याच रात्री त्या आकड्यांपायी जागण्यासारख्या नव्हत्या.

एडीसीपासून सुरुवात करू. मेंदूत पाण्याचे रेणू सतत इकडेतिकडे हलत असतात. या हालचालीला डिफ्यूजन म्हणतात, आणि ती किती मोकळी आहे ते सांगणारा आकडा म्हणजे ॲपरंट डिफ्यूजन कोइफिशंट, थोडक्यात एडीसी. मोकळ्या पाण्यात, शरीराच्या तापमानाला, हा आकडा साधारण ३ असतो. एकक आहे चौरस मिलिमीटर प्रति सेकंद, आणि आकडा त्याच्या हजाराव्या भागांत लिहितात. गाठीत पेशी खच्चून भरलेल्या असतील तर पाण्याला वाट मिळत नाही आणि आकडा खाली येतो. पेशी विरळ असतील, मधे द्रव असेल, तर तो वर जातो. मशीन हे मोजतं ते असं: एक चित्र साधं घ्यायचं, दुसरं चुंबकीय ग्रेडियंटचे जोरदार ठोके देऊन घ्यायचं, आणि मधल्या मधे सिग्नल किती गळाला ते प्रत्येक ठिपक्यात बघायचं. नेहमी वापरतात तो ठोका, ज्याला बी-व्हॅल्यू १००० म्हणतात, तो दिला की एडीसी ०.७ असलेल्या जागी निम्मा सिग्नल शिल्लक राहतो, १.६ असलेल्या जागी जेमतेम पाचवा हिस्सा. या गळतीवरून जो नकाशा बनतो तो एडीसी मॅप.

फ्रेंच संशोधक डेनी ल बिआं यांनी १९८६ मध्ये मेंदूची अशी चित्रं मांडली तेव्हाच या आकड्याच्या नावात ‘ॲपरंट’ हा शब्द ठेवला. ॲपरंट म्हणजे भासमान, वरकरणी दिसणारा. रेणूंच्या हालचालीखेरीज बारीक रक्तवाहिन्यांतला प्रवाह, मुलाचं हलणं, मशीनचा स्वभाव, सगळं त्यात मिसळलेलं असतं, याची कबुली नावातच आहे. रिपोर्टात तो दोन दशांशांपर्यंत छापून आला की ही कबुली आपण विसरतो.

मुलांच्या गाठींमध्ये एडीसीला इतकं महत्त्व का आलं, तर लहान मेंदूतल्या, म्हणजे डोक्याच्या मागच्या भागातल्या गाठींमुळे. तिथे मुख्यतः तीन प्रकार समोर येतात: मेडुलोब्लास्टोमा, एपेंडिमोमा आणि पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा. साध्या चित्रात तिघींची सरमिसळ होऊ शकते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ०.९ च्या खालच्या गाठी मेडुलोब्लास्टोमा निघाल्या, १.४ च्या वरच्या पायलोसायटिक, आणि एपेंडिमोमा मधल्या पट्ट्यात. तेव्हापासून हे दोन उंबरठे आमच्या पिढीला पाठ आहेत. सर्जनला ऑपरेशनआधी अंदाज हवा असतो, आणि एका मिनिटात मोजता येणारा हा आकडा तो अंदाज बराच पक्का करतो. पण पुढे मोठ्या संख्येने मुलं तपासली गेली तशी सरमिसळ दिसू लागली. तीन वर्षांखालच्या मुलांत एटीआरटी नावाची घातक गाठ येते, तिचाही एडीसी मेडुलोब्लास्टोमाइतकाच खाली असतो. म्हणून आकडा कितीही बोलका असला तरी निदान बायोप्सीवर आणि आता गाठीच्या जनुकांवर ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात तर अनेक प्रकारांची नावंच जनुकीय बदलांवरून आहेत.

तुमच्या मुलीचं निदान बायोप्सीने झालेलं आहे. १.४ चा उंबरठा लहान मेंदूतल्या गाठींसाठी, पहिल्या निदानाच्या वेळी वापरायचा. कायाझमवरच्या, निदान झालेल्या, केमो चालू असलेल्या गाठीला तो लावून ‘१.४१ म्हणजे आता काठावर आली’ असं म्हणणं म्हणजे एका खोलीची पट्टी दुसऱ्या खोलीत नेऊन मोजणं. मोठ्या माणसांच्या गाठींचे आकडेही मुलांना लावू नयेत. नवजात बाळाच्या मेंदूत पाणी जास्त असतं, त्याचा निरोगी मेंदूच प्रौढापेक्षा वरच्या एडीसीचा असतो, आणि पहिल्या दोन वर्षांत तो झपाट्याने उतरतो. त्यामुळे ‘शेजारच्या निरोगी भागाच्या तुलनेत इतकं’ अशी गुणोत्तरंही वय सांगितल्याशिवाय अपुरी.

आता १.५२ आणि १.४१ मधला फरक. तो सात टक्क्यांचा आहे. एकाच मुलाला एकाच मशीनमध्ये, गाठीत काहीही बदल झालेला नसताना दोनदा घातलं तरी मेंदूतल्या गाठीचा एडीसी तंतोतंत सारखा येत नाही. आकड्यांची शिस्त लावण्यासाठी २००७ मध्ये सुरू झालेल्या क्यूआयबीए या उपक्रमाने यावर नेमकं बोट ठेवलं: मेंदूतल्या गाठीचा एडीसी ११ टक्के किंवा त्याहून जास्त बदलला, तरच ९५ टक्के खात्रीने खरा बदल म्हणायचा. म्हणजे १.५२ वरून घसरण झाली असं म्हणायला आकडा साधारण १.३५ पर्यंत यायला हवा होता. आणि ही मर्यादा तेच मशीन, तीच पद्धत असतानाची. तुमच्याकडे दोन केंद्रं, दोन मशीन, बहुधा दोन वेगळे रेडिओलॉजिस्ट.

मशीनमशीनमध्ये फरक किती पडतो ते तपासायची एक सोपी, सुंदर पद्धत आहे. पाण्याने भरलेली नळी वितळत्या बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवायची आणि तिचं स्कॅन करायचं. शून्य अंशाला पाण्याचा आकडा निसर्गानेच ठरवून दिला आहे: १.१. मशीनने तेवढाच दाखवला पाहिजे. मी एके ठिकाणी काम करत असताना ग्रेडियंटच्या दुरुस्तीनंतर आम्ही ही नळी ठेवली आणि आकडा आला १.०२. कारखान्याची चाचणी पास, चित्रं देखणी, आणि आकडा सात टक्क्यांनी खाली. मधल्या काळात तपासलेल्या प्रत्येक मुलाची गाठ आमच्या रिपोर्टात थोडी जास्त दाट झाली होती. ते सगळे रिपोर्ट आम्ही पुन्हा काढून बसलो. तेव्हापासून दुसऱ्या केंद्राचा आकडा शेजारी ठेवून वजाबाकी करायला माझा हात धजत नाही.

याहून मोठी गफलत मात्र मशीनमध्ये नसते, माउस धरलेल्या हातात असते. एडीसी ‘गाठीचा’ असा एक आकडा नसतोच. आम्ही मॅपवर एक गोल काढतो आणि त्या गोलाच्या आतल्या ठिपक्यांची सरासरी घेतो. पायलोसायटिक गाठीत घट्ट भाग असतो आणि बऱ्याचदा शेजारी द्रवाने भरलेल्या पोकळ्या. समजा घट्ट भाग खरोखर १.४१ चा आहे आणि पोकळीतला द्रव २.६ चा. गोल काढताना कड जराशी पोकळीवर गेली आणि शंभर ठिपक्यांतले नऊ द्रवाचे आले, तर सरासरी होते १.५२. म्हणजे तुमच्या दोन्ही रिपोर्टांमधला सगळा फरक नऊ ठिपक्यांत मावतो. पहिला आकडाच फुगलेला असेल तर दुसऱ्यात काही ‘उतरलं’च नाही. असं झालंच असेल असा माझा दावा नाही. पण असं होणं किती सोपं आहे ते मला दाखवायचं होतं.

म्हणून गोल काढताना मी आधी टी२, म्हणजे ज्यात पाणी उजळ दिसतं ते चित्र, आणि कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन दिल्यानंतरचं चित्र शेजारी उघडते, पोकळ्या, जुनं रक्त, कॅल्शियम वगळते, तीन-चार स्लाइसवर घट्ट भागातच लहान गोल काढते आणि मग सरासरीबरोबर सर्वांत कमी आकडाही लिहिते. शक्य तिथे सगळ्या घट्ट भागाचा हिस्टोग्राम, म्हणजे कोणत्या आकड्याचे किती ठिपके याचा आलेख, काढावा हे उत्तम, कारण गाठीचा एखादाच कोपरा दाट होत असेल तर तो सरासरीत बुडून जातो. कायाझमच्या जागी आणखी एक अडचण असते. खालीच हाड आणि हवेची पोकळी, आणि डिफ्यूजनची चित्रं अशा ठिकाणी वेडीवाकडी ताणली जातात. तिथला एक ठिपका खरोखर तिथलाच आहे की नाही, हेही आधी बघावं लागतं. आणि डिफ्यूजनच्या चित्रात एखादी जागा नुसती पांढरी दिसली म्हणून घाबरू नये. टी२ मध्ये उजळ असलेली जागा तिथेही उजळ झिरपते. मॅप उघडल्याशिवाय निकाल नाही.

आकाराचा प्रश्न मला एडीसीपेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण लो-ग्रेड ग्लायोमात उपचार बदलायचे की नाही हे बहुतेक वेळा त्यावर ठरतं. ३० गुणिले २० म्हणजे ६००. ३२ गुणिले २२ म्हणजे ७०४. वाढ १७ टक्के. मुलांच्या मेंदूतल्या गाठींच्या मोजमापासाठी रॅपनो नावाच्या आंतरराष्ट्रीय गटाने शिफारशी केल्या आहेत, लो-ग्रेड ग्लायोमासाठीच्या २०२० मध्ये आल्या. त्यानुसार या गुणाकारात २५ टक्के किंवा अधिक वाढ झाली तर गाठ वाढली म्हणायचं. निम्म्याने घटली तर प्रतिसाद, आणि २५ ते ५० टक्क्यांमधली घट हाही लहानसा पण मोजण्यालायक प्रतिसाद. तुमचे १७ टक्के उंबरठ्याच्या आत आहेत.

पण उंबरठा ठेवला तरी दोन मिलिमीटरचं काय? दोन मिलिमीटर म्हणजे दोन्ही काठांवर एकेक मिलिमीटर. चित्रातला एक ठिपकाच जवळपास तेवढा असतो. स्लाइस चार-पाच मिलिमीटर जाडीची असेल, डोकं या वेळी किंचित हनुवटीकडे झुकलं असेल, तर गाठ वेगळ्या तिरक्या छेदात कापली जाते आणि तीच गाठ मोठी दिसते. आणि हेही बघा: दोन्हीकडे आणखी एकच मिलिमीटर धरला असता, ३३ गुणिले २३, तर वाढ २६ टक्के झाली असती आणि रिपोर्टात ‘प्रोग्रेशन’, म्हणजे गाठ वाढली, हा शब्द आला असता. एका मिलिमीटरवर केमो बदलायची वेळ येऊ नये, म्हणून मी घनफळ मोजण्याचा आग्रह धरते. एक मिलिमीटर जाडीच्या त्रिमितीय चित्रांवर गाठीची कड स्लाइसमागून स्लाइस आखायची आणि मिलिलिटरमध्ये आकडा काढायचा. कायाझमवरची गाठ कधीच चेंडूसारखी नसते. ती नसांच्या कडेने पुढे सरकते, मागे पसरते, आणि दोन व्यासांत तिला पकडणं अवघड जातं. गुणाकारातले २५ टक्के म्हणजे, गाठ सगळीकडून सारखी वाढली तर, व्यासात जेमतेम १२ टक्के आणि घनफळात जवळपास ४० टक्के. न्यूरोफायब्रोमॅटोसिस या जनुकीय आजारातल्या, नसांच्या कडेने पसरणाऱ्या प्लेक्सिफॉर्म गाठींवरचं सेल्युमेटिनिब हे औषध अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झालं ते घनफळात निदान २० टक्के घट हा निकष लावूनच. व्यास मोजत बसले असते तर त्या वेड्यावाकड्या गाठी कमी झालेल्या कोणाला कळल्याच नसत्या.

दुसऱ्या रिपोर्टात गाठ ‘कॉन्ट्रास्ट जास्त घेते’ असा शेरा असेल तर त्याचा धसका घेऊ नका. या गाठींत कॉन्ट्रास्टची चमक उपचार चालू नसतानाही कमीजास्त होते. म्हणूनच रॅपनोने लो-ग्रेड ग्लायोमात टी२ किंवा फ्लेअरवर (मोकळा द्रव काळा दाखवणारं टी२सारखंच चित्र) मोजायला सांगितलं आहे. दोन्ही केंद्रांनी नेमकं कोणत्या चित्रावर मोजलं हे जरूर विचारा. एकाने टी२ वर आणि दुसऱ्याने कॉन्ट्रास्टवर मोजलं असेल तर ती तुलनाच नव्हे.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी नुसता धीर देते आहे असं वाटेल. १७ टक्के आज उंबरठ्याच्या आत आहेत. पुढच्या वेळी तिथून पुन्हा १५ टक्के वाढ आली आणि तुलना फक्त आदल्या स्कॅनशी केली, तर ‘स्थिर’ हाच शब्द पुन्हा लिहिला जाईल, आणि गाठ मात्र सुरुवातीपासून तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढलेली असेल. हळू वाढणाऱ्या गाठी अशाच नजरेतून सुटतात. म्हणून प्रत्येक वेळी उपचाराआधीचा स्कॅन आणि आजवरचा सर्वांत लहान आकार, दोन्ही समोर ठेवून मोजलं पाहिजे.

स्पेक्ट्रोस्कोपीबद्दल. तिच्यात गाठीतली रसायनं मोजतात, प्रत्येकाचं टोक आलेखावर ठरलेल्या जागी येतं. पहिल्या निदानाच्या वेळी ती फार उपयोगी पडू शकते. मेडुलोब्लास्टोमात टॉरिनचं टोक दिसलं की माझा अंदाज बराच पक्का होतो. पण पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा इथे फसवतो. त्यात क्रिएटिन मुळातच कमी, त्यामुळे कोलीन भागिले क्रिएटिन हे गुणोत्तर फुगतं. लॅक्टेटचंही टोक येतं. मोठ्यांच्या गाठी वाचायची सवय असलेल्या माणसाने हा आलेख पाहिला तर तो हाय-ग्रेड, म्हणजे घातक, म्हणून मोकळा होईल. शिवाय मोजायचा ठोकळा दीड-दोन सेंटिमीटरचा असतो, आणि कवटीच्या तळाशी, हाड आणि हवेच्या शेजारी, आलेख खराब येतो. बायोप्सी हातात असताना तुमच्या मुलीला आज यातून काही मिळणार नाही.

पर्फ्यूजन म्हणजे गाठीतला रक्तप्रवाह. तो दोन तऱ्हांनी मोजतात: गॅडोलिनियम या कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देऊन, किंवा मानेतल्या रक्तालाच चुंबकाने खूण करून, ज्याला एएसएल म्हणतात. मुलांमध्ये मला एएसएल आवडतं. सुई लागत नाही, आणि मुलांच्या मेंदूत रक्तप्रवाह मुळात जोरकस असल्याने सिग्नलही चांगला येतो. गॅडोलिनियमचे अंश मेंदूत साठून राहतात हे २०१४ पासून ठाऊक आहे. त्याने अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही, आणि मॅक्रोसायक्लिक, म्हणजे गॅडोलिनियम जास्त घट्ट बांधून ठेवणाऱ्या, प्रकारात हे साठणं कमी असतं, पण ज्या मुलांना वर्षानुवर्षं स्कॅन करायचे आहेत त्यांना नको असलेला डोस का द्या? एएसएलचा आकडा वाचताना मात्र एक गोष्ट विसरून चालत नाही. मूल भुलेखाली असेल तर भुलेचं औषध आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड दोन्ही रक्तप्रवाह हलवतात. मागच्या वेळी मुलगी जागी होती आणि या वेळी तिला झोपवली, तर नुसते आकडे शेजारी ठेवू नयेत. गाठीची तुलना त्याच स्कॅनमधल्या मुलीच्या निरोगी मेंदूशी करावी.

पर्फ्यूजनची खरी गरज रेडिएशननंतर लागते. रेडिएशन घेतलेल्या काही मुलांमध्ये गाठ आधी सुजून मोठी दिसते आणि काही महिन्यांनी आपोआप ओसरते. याला स्यूडोप्रोग्रेशन म्हणतात, आणि लो-ग्रेड ग्लायोमात ते पुष्कळदा दिसतं. एका आठ वर्षांच्या मुलाची गाठ रेडिएशननंतर पाच महिन्यांनी स्पष्ट मोठी झाली होती, कॉन्ट्रास्टची चमकही वाढली होती. रक्तप्रवाह मात्र खाली होता आणि एडीसी वर गेला होता. पेशी वाढल्या असत्या तर दोन्ही उलट दिसले असते. आम्ही थांबायचं ठरवलं. आई दर आठवड्याला फोन करायची, आणि तिला सांगायला माझ्याकडे तेवढे दोनच आकडे होते. वर्षभरात गाठ मूळ आकारापेक्षा लहान झाली. अशा वेळी हे मोजमाप मुलाला नको असलेल्या ऑपरेशनपासून वाचवतं. तुमच्या मुलीला रेडिएशन दिलेलं नाही, तेव्हा आज पर्फ्यूजनसाठी हट्ट धरायचं कारण नाही. पुढच्या स्कॅनमध्ये चार-पाच मिनिटांचं एएसएल सहज बसत असेल तर आधाराला एक आकडा जमा राहील, इतकंच.

मिनिटांचा हिशोब मी मुद्दाम करते. या वयाची बरीच मुलं भुलेशिवाय इतका वेळ स्थिर राहत नाहीत. प्रत्येक जादा सिक्वेन्स, म्हणजे चित्रांचा एकेक प्रकार, भुलेखालची मिनिटं वाढवतो, आणि जो आकडा निर्णय बदलणार नाही त्यासाठी ती मिनिटं खर्च करू नयेत असं माझं ठाम मत आहे.

तर आत्ता काय करायचं? पहिल्या केंद्रातून पूर्ण डेटाची सीडी घ्या, फिल्मवरची निवडक चित्रं नव्हेत. एडीसी मॅप आणि मूळ डिफ्यूजनची चित्रं तिच्यात आहेत ना ते तिथेच विचारून घ्या, बऱ्याचदा तीच राहून जातात. दोन्ही स्कॅन एकाच रेडिओलॉजिस्टकडे द्या, शक्यतो मुलांचे मेंदू नेहमी वाचणाऱ्या, आणि एकाच बैठकीत, एकाच सिक्वेन्सवर, एकाच पद्धतीने दोन्ही नव्याने मोजायला सांगा, उपचाराआधीचा स्कॅनही सोबत ठेवून. रिपोर्टात घनफळ मागा. पुढचे सगळे स्कॅन एकाच केंद्रात, एकाच मशीनवर करायचं ठरवा. चुंबक दीड टेस्ला ताकदीचा असेल तर दीड, तीनचा असेल तर तीन. डोक्यात पाणी साठतं म्हणून शंट, म्हणजे ते वाहून नेणारी नळी, बसवलेला असेल आणि त्याची झडप बाहेरून जुळवता येणाऱ्या प्रकारातली असेल, तर स्कॅननंतर तिची सेटिंग तपासल्याशिवाय घरी नेऊ नका, चुंबकाने ती बदलू शकते.

आणि डोळ्यांची तपासणी. ती कधी झाली हे तुमच्या प्रश्नात नाही. कायाझमवरच्या गाठीत एमआरआय स्थिर असताना नजर उतरू शकते, आणि आकार वाढलेला दिसत असताना नजर टिकूनही राहते. उपचार ठरवताना तिच्या डोळ्यांचा आकडा माझ्या दोन्ही आकड्यांच्या बरोबरीने धरला जातो. गेल्या तीन महिन्यांत ती झाली नसेल, तर स्कॅनच्या फेरवाचनाची वाट न पाहता या आठवड्यातच करून घ्या.